घरातले वातावरण

४ मार्च, सोमवार

आजपासून ही वही. एकोणीस वर्षे मी तंत्रशाळेत वायुवीजन शिकवतो. म्हणजे बंद जागेतली शिळी हवा बाहेर कशी घालवावी आणि ताजी आत कशी आणावी. कारखाने, तळघरे, शस्त्रक्रियेच्या खोल्या यांच्या हवेची गणिते मी फळ्यावर हजारदा सोडवली. स्वतःच्या घराची एकदाही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

निमित्त हिच्या धापेचे. गेले वर्षभर हिचा श्वास अडकतो. ओठ पांढरे पडतात, बोटे ओट्याची कड घट्ट धरतात आणि छातीतून कोरड्या नळासारखा आवाज येतो. आज डॉक्टरबाईंकडे नेले. त्यांनी मला बाहेर बसवले आणि हिला वीस मिनिटे तपासले. आत बोलावल्यावर त्यांनी हिच्या दंडावरच्या काळ्यानिळ्या डागाबद्दल विचारले. मी म्हणालो, कपाटाचे दार लागले. हिनेही तेच सांगितले होते, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

मग डॉक्टरबाई माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "फुप्फुसं ठणठणीत आहेत यांची. औषध देते, पण नुसत्या औषधानं भागणार नाही. घरातलं वातावरण बदला. आणि ते तुमच्याच हातात आहे."

इतके अचूक निदान मी फार दिवसांनी ऐकले. मी विचारले, "ताशी किती वेळा बदलावं?" त्यांनी औषधाची चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. त्यांना तो आकडा ठाऊक नसावा. ते त्यांचे क्षेत्र नव्हे.

५ मार्च, मंगळवार

तंत्रशाळेतून तीन मापक आणले. तत्त्व सोपे आहे. माणूस श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतो. मोकळ्या हवेत दहा लाख भागांत त्याचे सुमारे चारशे वीस भाग असतात. बंद खोलीत माणसे बसली की आकडा चढतो. हजाराच्या आत असेल तर हवा चांगली. दोन हजारावर डोके जड होते, पेंग येते, माणूस चिडचिडा होतो. एवढ्या प्रमाणात हा वायू स्वतः गुन्हेगार नसतो. तो साक्षीदार असतो. खोलीतली हवा किती वेळा कुणाच्या छातीतून जाऊन आली आहे, एवढेच तो सांगतो.

जेवताना मी हे दोघींना समजावले. चिमणीने (आमची मुलगी, वय सोळा, पण नाव तेच राहिले) विचारले, "बाबा, साक्षीदाराचं कुणी ऐकतं का?"

"ऐकावंच लागतं," मी म्हणालो. "आकडा कुणाची भीडभाड ठेवत नाही."

त्यावर दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि ही किंचित हसली. हसण्यासारखे काय होते, मला कळले नाही. ताट भिंतीवर गेले. पाठोपाठ पाण्याचा पेला गेला. तो हिच्या कानाजवळून गेला असावा, कारण हिच्या केसांत काचेचे कण सापडले. काचा वेचताना हिच्या तळव्यात एक खोल शिरली आणि फरशीवर बरेच रक्त सांडले. मला वाईट वाटले. काच हाताने वेचू नये, ओल्या कागदाने टिपावी, हे मी पूर्वीही सांगितले आहे.

माझा आवाज मोठा आहे, हे मान्य. पंख्यांच्या घरघरीवर मात करून शिकवायचे म्हणजे तसा आवाज लागतो. तो घरी येताना उंबऱ्याबाहेर काढून ठेवता येत नाही.

९ मार्च, शनिवार

चार दिवसांचे आकडे हाती आले. दिवाणखाना सातशे. माझी झोपायची खोली साडेआठशे. आतली खोली, जिथे ही आणि चिमणी झोपतात, तिथे सकाळी तेवीसशे ऐंशी! सापडला चोर.

कारणेही उघड आहेत. त्या दोघी खोलीची कडी आतून लावतात, दाराखालच्या फटीत गोधडी कोंबतात, खिडकी घट्ट मिटतात. ही सवय मी माझ्या घोरण्यावर घालत आलो होतो. आज विचारले तर ही म्हणाली, "अहो, थंडी वाजते." थंडी? या दिवसांत? मी तिला तापमापक दाखवला. अठ्ठावीस अंश.

"मग भीती वाटते म्हणा," चिमणी म्हणाली.

"कशाची?"

ती म्हणाली, "हवेची."

हवेची भीती ही अज्ञानातून येते, आणि अज्ञानावर उपाय करता येतो. दुपारी कडी निघाली.

१० मार्च, रविवार

मेहुणा आला होता. तो सुतार आहे. बोलतो कमी, पण हात सफाईचा. दाराची खालची कड दोन बोटे तासायला मी त्याला बोलावले होते, म्हणजे फटीतून हवा आत येत राहील. त्याने दार बिजागऱ्यांवरून उतरवले, ओट्यावर आडवे ठेवले आणि बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिला.

"भाऊजी, कडी कुठं गेली?"

"निघाली."

"चार स्क्रू आपण होऊन निघाले?" मग त्याने खांद्याच्या उंचीवरची एक भेग दाखवली. "आणि ही?"

"तडकलंय ते. जुनं लाकूड आहे."

"बावीस वर्षं दारं करतोय मी. लाकूड आपण होऊन तडकतं ते रेषेरेषेनं, उभं. हे आडवं फुटलंय, बाहेरून आत." आणि तो हसला, पण ते हसणे गालापर्यंतच आले. "तुमच्या घरात सगळं आपण होऊनच होतं बघा, भाऊजी."

मी त्याला लाकडातल्या आर्द्रतेचे गणित सांगितले. त्याने ऐकून घेतले. जाताना तो हिला म्हणाला, "ताई, एक हाक मार फक्त." ही म्हणाली, "हाक पोचायला हवी ना रे." दार तासताना रंध्याचा आवाज फार होतो, त्यामुळे यांना सकाळभर एकमेकांचे ऐकू आले नसावे.

१२ मार्च, मंगळवार

हवेशी संबंध नाही, तरी नोंदवतो. वही प्रामाणिक हवी.

चिमणीचा शाळेचा निबंध तपासला. विषय: एका वस्तूचे आत्मवृत्त. तिने दार निवडले. भाषा बरी होती, पण वाक्ये सगळी अशी: 'मला लाथ मारली गेली. मला ढकलले गेले. माझी कडी काढली गेली.' मी प्रत्येक वाक्यापुढे समासात लाल पेन्सिलीने लिहिले: 'कर्ता?' आणि तिला जवळ बसवून शांतपणे समजावले की, कर्ता लपवणारे वाक्य म्हणजे बंद खोली. त्यात अर्थ गुदमरतो. कोणी केले, ते लिहावे.

"लिहू?" तिने विचारले.

"अर्थात! वाक्य मोकळं होईल."

तिने पेन घेतले आणि पहिल्या वाक्यात एक शब्द घातला. 'बाबांनी.'

पान फाटले. हात उचलला गेला. तिचा कान टेबलाच्या कडेवर आदळला आणि आतून जरा रक्त आले. ही मध्ये आली, तेव्हा हिचा श्वास पुन्हा अडकला. म्हणजे दिवाणखान्याचीही हवा समाधानकारक नाही. मापक पाहिला. सहाशे नव्वद. हे मला उलगडत नाही.

१४ मार्च, गुरुवार

आजचा दिवस सोन्याचा! चिमणी आपण होऊन वही-पेन्सिल घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. कानात कापूस होता, पण ऐकत नीट होती.

"बाबा, हवा आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी लागते ना?"

"शाब्बास. येणारी खाली, जाणारी वर. उबदार शिळी हवा वर चढते."

"मग आमच्या खोलीतली शिळी हवा कुठं न्यायची?"

मी तिला आराखडा काढून दाखवला. आतल्या खोलीची मागची भिंत इमारतीच्या डक्टला लागून आहे. डक्ट म्हणजे तळापासून गच्चीपर्यंत जाणारी उभी पोकळी, विहीर उलटी धरावी तशी. त्या भिंतीत वर एक चौकोन फोडून झडप बसवली की काम झाले.

"आणि वरच्या नर्सबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी?"

"ती त्याच डक्टमध्ये उघडते."

"म्हणजे आमची हवा त्यांच्या खिडकीवरून जाणार. आणि आवाज?"

इतका नेमका प्रश्न माझ्या वर्गात तीन वर्षांत कुणी विचारला नाही. मी सांगितले की ध्वनीला वेगळी वाट लागत नाही. हवा जिथून जाते तिथून आवाजही जातो. मोठ्या इमारतींत यासाठी नळीला आतून लोकरीचे अस्तर देतात.

"आपण अस्तर नको देऊ या," ती म्हणाली. "हवा अडेल."

बरोबर आहे. थोडी अडतेच. माझी मुलगी माझ्या विद्येला लागली, या आनंदात मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती दचकली.

१७ मार्च, रविवार

भिंत फोडली. घण मीच चालवला; मेहुणा म्हणत होता, "द्या इकडे," पण मी दिला नाही. अशा कामात एक वेगळेच सुख असते. पहिल्या दोन घावांना गिलावा उडतो, तिसऱ्याला वीट दात दाखवते, आणि मग ती एकदम आत कोसळते. अंगाला घाम, डोळ्यांत धूळ. नवव्या घावाला भोक पडले आणि डक्टमधली गार हवा तोंडावर आली. मागे वळून पाहिले तर दोघी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभ्या होत्या आणि हिचे दोन्ही हात चिमणीच्या डोक्यावर होते. विटा त्यांच्यापासून दहा फुटांवर पडत होत्या. उगाच.

मेहुण्याने झडप सुबक बसवली. लोखंडी पट्ट्यांची, दोरीने उघडते-मिटते. टिशू कागदाची पट्टी समोर धरली, तर ती सरळ आडवी होऊन झडपेकडे ओढली गेली. जिवंत पुरावा! मी टाळी वाजवली.

चिमणी खाटेवर चढून झडपेत बोलली, "नर्सबाई, भाजीचा वास छान येतोय."

वरून लगेच उत्तर आले, "ये गं खायला." जणू त्या खिडकीशी उभ्याच होत्या.

२१ मार्च, गुरुवार

आतली खोली आता साडेसातशे. तेवीसशेऐंशीवरून साडेसातशे! तंत्रशाळेत सांगितले, सहकाऱ्यांनी चहा मागितला.

पण हिची धाप कमी नाही. सतरा दिवसांतले झटके तक्त्यात मांडले. एकूण अकरा. सर्व अकरा मी घरी असताना. सात-आठ तारखेला मी तपासणीसाठी बाहेरगावी होतो; त्या दोन दिवसांत खिडक्या बंद, आकडा दोन हजारांवर, आणि झटका एकही नाही. हवा सर्वांत वाईट असताना तब्येत सर्वांत चांगली, हे शास्त्राला धरून नाही. नमुना लहान आहे. योगायोग म्हणून सोडून देतो.

तरी तक्ता दोनदा पुसून पुन्हा काढला. आकडे तेच आले.

२४ मार्च, रविवार

जे घडले ते क्रमाने लिहितो.

दुपारी जेवणावरून बोलणे वाढले. मी तक्त्याबद्दल हिला विचारत होतो. ही म्हणाली, "आकडा भीडभाड ठेवत नाही म्हणालात ना? मग वाचा की." खुर्ची उलटली. त्या दोघी आतल्या खोलीत गेल्या.

पंधरा मिनिटांनी मी मापकाचा आकडा बाहेरच्या पडद्यावर पाहिला. तेराशे आणि चढता. दाराखालची फट पाहिली: पुन्हा गोधडी! कडी नाही म्हणून मुठीखाली खुर्ची अडकवलेली. मी बाहेरूनच समजावले, जवळजवळ दहा मिनिटे, की येणारी वाट बुजवली तर जाणारी वाट काम करत नाही. सोळाशे.

दार खांद्याने फुटले. जुनी आडवी भेग होती तिथेच. खुर्चीचा पाय मोडला. ही दाराला आतून हात लावून उभी होती, मनगट मोडले. तो आवाज ओली काठी मोडावी तसा होता. त्यानंतर थोडा वेळ काय काय झाले ते मला सलग आठवत नाही. हिच्या तोंडातून रक्त येत होते, माझ्या हाताची सालटी निघाली होती आणि भिंतीवरचा आरसा खाली होता.

आठवते ते एवढेच. चिमणी खाटेवर उभी होती. तिने झडपेची दोरी पूर्ण ओढली होती आणि तोंड पट्ट्यांना लावले होते. ती किंचाळत नव्हती. वर्गात उत्तर द्यावे तशी स्पष्ट बोलत होती: "नर्सबाई, आत्ता. नर्सबाई, आत्ता."

चार मिनिटांत बाहेरचे दार वाजले. नर्सबाई, आणि त्यांच्यामागे जिन्यावर सहा-सात माणसे. त्यांनी मला बाजूला व्हायलाही सांगितले नाही, सरळ आत आल्या, हिचा हात उशीवर बांधला.

मी म्हणालो, "हा आमच्या घरातला प्रश्न आहे."

"होता," नर्सबाई म्हणाल्या. "आता चार मजल्यांचा आहे. चल गं."

नर्सबाईंनी फोन करून बोलावलेला मेहुणा जिन्यातच भेटला. तो आपल्या बहिणीकडे पाहत होता. एकाने त्याला कमरेला धरून ठेवले नसते, तर आज ही नोंद झाली नसती.

दार फुटल्यावर आतल्या खोलीचा आकडा अकरा मिनिटांत आठशेवर उतरला.

२५ मार्च, सोमवार

दोन पोलीस येऊन गेले. उद्या जबाब. मी त्यांना मापक दाखवले.

२८ मार्च, गुरुवार

मी ठाण्यात असताना चिमणी मामाबरोबर येऊन कपडे घेऊन गेली. शेजाऱ्यांनी सांगितले. वही टेबलावर होती. संशोधनाची वही मी कधी कुलपात ठेवत नाही.

समासात लाल पेन्सिल आहे. माझीच पेन्सिल. 'ताट भिंतीवर गेले' यापुढे: कर्ता? 'दुपारी कडी निघाली': कर्ता? 'पान फाटले. हात उचलला गेला.' कर्ता? कर्ता? 'मनगट मोडले' यापुढे नुसते प्रश्नचिन्ह आहे, आणि ते इतके दाबून काढले आहे की पुढच्या पानावर वळ उठला आहे.

येथे एक स्पष्टीकरण आवश्यक. 'मनगट मोडले' या वाक्यात क्रियापद अकर्मक आहे. व्याकरणदृष्ट्या मनगट हाच कर्ता. वाक्य निर्दोष आहे. 'भिंत फोडली, घण मीच चालवला' तिथे तिने काहीच खूण केलेली नाही. मी घण चालवला, तेवढेच मला लिहिता आले होते.

३० मार्च, शनिवार

डॉक्टरबाईंकडे तक्ते घेऊन गेलो. म्हणालो, "आपण सांगितल्याप्रमाणे घरातलं वातावरण बदललं. तेवीसशेऐंशीवरून साडेसातशे."

त्यांनी तक्ता हातातही घेतला नाही. "मी हवेबद्दल बोलले नव्हते," त्या म्हणाल्या. "तुमच्याबद्दल बोलले होते. तुमच्या बायकोच्या हातात दोन सळ्या घातल्यात. जा आता."

बाहेर बाकावर बराच वेळ बसलो. सव्वीस दिवस मी एका शब्दाचा अर्थ चुकीचा घेतला. इतका शिकलेला माणूस मी. पण दुसरा अर्थ मला ठाऊक नव्हता, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. तो तक्त्यात होता. अकरापैकी अकरा.

३१ मार्च, रविवार

सकाळचे आकडे. दिवाणखाना चारशे तीस. आतली खोली चारशे वीस. बाहेर चारशे वीस. या घरात इतकी शुद्ध हवा कधीच नव्हती. त्या खोलीत श्वास घेणारेच कुणी नाही.

आतल्या खोलीत फुटक्या दाराजवळ वही घेऊन बसलो आणि लाल खुणांपुढे एकेक उत्तर लिहिले. ताट मी फेकले. पेला मी तिच्या डोक्याच्या दिशेने फेकला. कडी मी काढली. चिमणीला मी मारले, तिचा कान मी फोडला. प्रत्येक वाक्यात एकच शब्द वाढतो, पण तो लिहायला दुपार झाली. शेवटच्या प्रश्नचिन्हापाशी व्याकरण पुन्हा आठवले. मग ते स्पष्टीकरणही खोडले.

तिचे मनगट मी मोडले.

वाक्य बरोबर आहे की नाही, हे मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही, असे मी मुलांना सांगतो. खाटेवर चढलो, झडपेची दोरी ओढली आणि पट्ट्यांशी तोंड नेऊन वाचले. आवाज नेहमीसारखा मोठा निघाला नाही. तरी डक्टमध्ये तो वर चढत गेलेला मला ऐकू आला.

वर भांड्यांचा आवाज थांबला.

मग नर्सबाईंचा आवाज आला, "मला काय सांगता? मी तेव्हाच ऐकलं होतं."